फीडबॅक द्या, हॉस्पिटललासुद्धा!

हॉटेलपासून हेअरकटपर्यंत सगळ्याला आपण स्टार देतो. मग दवाखान्यात गेल्यावरच आपली बोलती का बंद होते?

लाँग वीकेंड, चार मित्र, एक गाडी आणि गुहागर. दुसऱ्या दिवशी हेदवी. दशभुजा गणपतीचं दर्शन झालं आणि मग अर्थातच बामणघळ! भरतीचं पाणी खडकातल्या त्या चिंचोळ्या घळीत घुसतं आणि काय उसळतं म्हणून सांगू! आमच्यातला एक हीरो फोटोसाठी जरा जास्तच पुढे गेला. शेवाळावरून पाय सटकला आणि पोटरीला चांगलीच खोक पडली. सरकारी दवाखान्यात जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तासाभरात आम्ही बाहेर.

खरी गोष्ट रात्री जेवताना सुरू झाली. जिथे उतरलो होतो, तिथल्या काकू वाढता वाढता म्हणाल्या, "लेकीच्या बाळंतपणाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. सिझर का केलं, ते अजून आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, तुम्हाला काय कळतंय?"

आम्ही चौघंही गप्प. कारण दोन वर्षांपूर्वी बाबा आयसीयूमध्ये होते, तेव्हा मीही असाच गप्प बसलो होतो. मास कॉमची डिग्री, पत्रकारितेचा पेशा, आणि फाइलची कॉपी मागायला तीन दिवस धीर झाला नव्हता. उगाच डॉक्टर चिडले तर?

माइक पेशंटच्या हातात

आरोग्यसेवा सुधारायची म्हटलं की समित्या बसतात, तज्ज्ञ बोलतात. पेशंटला कोण विचारतं? पण आपल्याच महाराष्ट्रात हे विचारलं गेलंय. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातूनच २००७मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' नावाचा प्रयोग उभा राहिला. राज्यभरातलं समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं.

आयडिया एकदम सोपी. गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं. नर्सबाई गावात येतात का? औषधं मिळतात की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात? फुकटच्या उपचाराचे पैसे मागतात का? चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. वाचता न येणाऱ्या आजींनाही कळेल असं.

मग व्हायची जनसुनवाई. समोर आरोग्य खात्याचे अधिकारी आणि माइक गावकऱ्यांच्या हातात. ज्या बाईला कालपर्यंत केसपेपरच्या खिडकीवर कुणी धड उत्तर देत नव्हतं, ती साहेबांना सगळ्यांदेखत प्रश्न विचारणार आणि साहेबांना तिथेच उत्तर द्यावं लागणार!

फरक पडला का? पहिल्या फेरीत गावांनी सरासरी ४८ टक्के सेवांना 'चांगलं' म्हटलं होतं. तिसऱ्या फेरीत हा आकडा ६६वर गेला. त्यासाठी नव्या इमारती लागल्या नाहीत, मोठी मशिन्स लागली नाहीत. आपल्याला कुणीतरी बघतंय, एवढी जाणीवच बरंच काम करून गेली. पुढे प्रयोग आणखी जिल्ह्यांत पसरला.

आणि आपलं काय?

हे सगळं सरकारी दवाखान्यांपुरतं. तुम्ही-आम्ही मात्र कार्ड स्वाइप करून खासगी हॉस्पिटलात जातो. तिथे पैसे मोजतो, म्हणून आपला आवाज मोठा असेल असं वाटतं ना? करोनात हा भ्रम फुटला. बिलांचे आकडे असे फुगले, की मे २०२०मध्ये राज्य सरकारला खासगी हॉस्पिटलांचे दर ठरवून द्यावे लागले. बिलं तपासायला ऑडिटर बसवले गेले आणि ज्यांनी चिकाटीने तक्रारी केल्या, त्यातल्या अनेकांना जास्तीचे पैसे परत मिळाले.

जानेवारी २०२१मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत बदल झाले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक हॉस्पिटलात लावणं बंधनकारक झालं. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली ही मागणी. पुढच्या वेळी रिसेप्शनवर बसाल तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढा आणि ती सनद शोधा. नसेल, तर विचारा!

बाहेरच्या जगात गाडी आणखी पुढे गेलीय. ब्राझीलमध्ये १९९०च्या कायद्याने आरोग्य परिषदांमधल्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांसाठी ठेवल्या. म्हणजे तक्रार करायला नाही, तर निर्णय घेतानाच टेबलवर पेशंट हजर.

इथे डॉक्टर व्हिलन आहेत असं अजिबात नाही. हेदवीत आमच्या हीरोचा पाय डॉक्टरांनीच सांभाळला. पण प्रश्न विचारणं म्हणजे भांडण नव्हे, हे दोघांनाही शिकायचंय. त्यांना आणि आपल्याला.

परवा हीरोचा मेसेज आला: "टाके काढले. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं मिळाली."

सुरुवात इतकी सोपी असू शकते.

हे मागा, बिनधास्त!

- फाइलची कॉपी : डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेनुसार, मागितल्यापासून ७२ तासांत.
- बिलाचा तपशील : 'इतर खर्च' म्हणजे नेमकं काय, ते विचारा.
- दुसऱ्या डॉक्टरचं मत : हा तुमचा हक्क आहे, अविश्वास नव्हे.
- समजेल अशा भाषेत माहिती : संमतिपत्रावर सही करण्याआधी. नंतर नाही!
- औषधं कुठूनही घेण्याची मोकळीक : हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या, अशी सक्ती करता येत नाही.