बर्फात राक्षस हवाच कशाला?

आपल्याकडच्या भुताला निदान काहीतरी हवं असतं. मुंजाची इच्छा राहिलेली असते, हडळीने डूख धरलेला असतो. उतारा ठेवला, नारळ दिला की तडजोडीची आशा असते. कॉस्मिक हॉररमध्ये ती सोयच नाही. समोर जे आहे त्याचं माणसाशी ना वैर, ना देणंघेणं. या प्रकाराचे मूळपुरुष एच. पी. लव्हक्राफ्ट. त्यांना थंडी मुळीच सोसत नसे. तरी १९३६ साली ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’ मासिकात क्रमशः आलेली ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ त्यांनी नेऊन ठेवली थेट अंटार्क्टिकात. तेव्हाच्या वाचकांत कुणी वाहवा केली, कुणी नाकं मुरडली.

उत्तरेकडच्या बर्फावरचा वाद जास्त रंगतो, कारण तिथे खरी माणसं नाहीशी झाली. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन वायव्य सागरी मार्ग शोधायला निघाले. १२९ माणसांपैकी एकही परतलं नाही. डॅन सिमन्स यांची ‘द टेरर’ (२००७) ही जाडजूड कादंबरी याच मोहिमेवर आहे. तिच्यात स्कर्व्ही आहे, शिशाने डाक दिलेले सडके डबे आहेत, बंडाळी आहे आणि शिवाय ‘टुनबाक’ नावाचं एक अतिमानवी जनावर आहे. वाचकांची फाळणी होते ती या जनावरावरून. एक पक्ष म्हणतो, त्याच्यामुळेच हजार मैलांची पांढरी पोकळी जिवंत होते. दुसरा म्हणतो, माणसं आधीच मरतायत, वर हे कशाला? मी दुसऱ्या पक्षात.

माझ्या बाजूचा पुरावा कादंबरीबाहेरचा आहे. किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत १८५९ साली एक कागद सापडला: नौदलाचा छापील फॉर्म, सापडल्यास अमुक ठिकाणी पाठवावा अशी सहा भाषांतली विनंती असलेला. त्यावर मे १८४७ची नोंद आहे, सगळं ठीक असल्याची. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच कागदाच्या समासात, कडेकडेने, दुसरी नोंद केली आहे: फ्रँकलिन वारले, चोवीस माणसं गेली, जहाजं सोडली, उद्या दक्षिणेकडे निघतो. एका कोऱ्या समासात अकरा महिने मावले. कुठल्याही टुनबाकला हे जमणार नाही.

या भयकथेचे सगळ्यात चिडलेले वाचक मात्र कादंबरीच्या कितीतरी आधीचे. १८५४ साली शोधप्रवासी जॉन रे यांनी तिथल्या इन्युइट लोकांकडून ऐकलेलं लंडनला कळवलं: उपासमारीत खलाशांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून ते धुडकावलं. रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास कसला ठेवायचा, असा सूर. पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. २०१४ साली ‘एरेबस’ आणि २०१६ साली ‘टेरर’ सापडलं, तेही इन्युइटांच्या सांगण्याचा माग काढत.

मिशेल पेव्हर यांची ‘डार्क मॅटर’ (२०१०) उलट टोकाची. काळ १९३७, जागा स्वालबार्ड, वायरलेसवरून हवामानाच्या नोंदी पाठवणारा एक तरुण, आणि मावळून महिनोन्महिने न उगवणारा सूर्य. टिळकांनी १९०३ साली ऋग्वेदातल्या लांबलेल्या उषःकालावरून आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ मांडलं होतं. त्यांना तिथली पहाट महत्त्वाची, पेव्हर यांना रात्र. ‘काही घडतच नाही’ अशी या पुस्तकाबद्दलची नेहमीची तक्रार. खरं आहे. झोपडीसमोर एक खांब उभा असतो, आणि कुत्रे त्याच्याजवळ जायला तयार नसतात, एवढंच. ज्यांना हे पुरतं ते दिवा मालवत नाहीत; ज्यांना पुरत नाही ते सिमन्सकडे जातात. यात मला रुचीपेक्षा सवयीचा भाग जास्त दिसतो. पडद्यावर राक्षस पाहिलेल्याला पानावरही तो लागतो.

दोन्ही गटांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे टुनबाक इन्युइट पुराणातला नाही, सिमन्स यांनी रचलेला आहे. ज्यांचं हे घर, त्यांनी भीती कशाची बाळगावी हेही बाहेरच्यानेच ठरवलं. म्हणून ‘ताक्तुमी’ (२०१९) हा उत्तरेतल्याच लेखकांचा भयकथासंग्रह हाती घ्यावा. त्यात बर्फ म्हणजे परग्रह नव्हे. शाळा, घर, शेजार यांच्याभोवती पडणारा रोजचा बर्फ. भय तरीही आहे, आणि ते कुणाकडून उसनं आणलेलं नाही.