प्राचीन स्थळीं आढळणारी बायसिकल

तिरुचिरापल्लीच्या उरैयूर भागांत पंचवर्णस्वामींचें प्राचीन शिवमंदिर आहे. त्याच्या एका खांबावर बायसिकलवर बसलेला मनुष्य कोरलेला आहे. मंदिर चोळकालीन, म्हणून शिल्पहि चोळकालीन, आणि म्हणून बायसिकल आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, असें अनुमान कित्येक करितात. त्यांतील दोष येथें दाखवावयाचा आहे.

स्थळाचें वय तेंच त्यांतील वस्तूचें वय, असें मानतां येत नाहीं. जुन्या पोथींत प्रक्षिप्त श्लोक असतो, तसा जुन्या देवळांत नवा खांब असूं शकतो. प्रक्षेप भाषेवरून ओळखतात. यंत्राची भाषा म्हणजे त्याचे अवयव. बायसिकलच्या अवयवांचा कालक्रम ज्ञात आहे. मानहाइम येथें कार्ल द्राइस यानें 1817 सालीं चालविलेल्या दुचाकीस पायडल नव्हते. पायांनीं जमीन रेटावी लागे. पुढील चाकास पायडल बसले ते 1860 नंतर, पॅरिसमध्यें. साखळीनें मागील चाक फिरविणारी, जवळजवळ सारख्या चाकांची गाडी रूढ केली ती इंग्लंडांत स्टार्ले यानें, 1885 सालीं.

उरैयूरच्या गाडीचीं चाकें सारखीं आहेत. मंदिराचा जीर्णोद्धार 1920 च्या सुमारास झाला. बायसिकल तेव्हां तेथें नवलाची होती. शिल्पीनें पाहिलें तें कोरलें, असा इतिहासज्ञांचा निर्णय आहे.

इटलींतील उदाहरण याहून बोधप्रद आहे. मिलानच्या अंब्रोसियाना ग्रंथालयांत लिओनार्दो द व्हिंची याच्या कागदांचा 'कोडेक्स अटलांटिकस' हा संग्रह आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते कागद जाड पत्रांवर चिकटविले गेले. विसाव्या शतकांत ते सोडविल्यावर एकाच्या पाठीमागें साखळीची बायसिकल दिसली, आणि 1974 सालीं ती लिओनार्दोच्या काळची म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु कार्लो पेद्रेत्ति यांनीं 1961 सालींच तो कागद उजेडाकडे धरून पाहिला होता. त्यांस वर्तुळें व कांहीं रेषा एवढेंच दिसलें होतें. या आधारें हान्स-एरहार्ट लेसिंग यांनीं 1997 सालीं तें चित्र मागाहून काढलेलें असल्याचें प्रतिपादिलें.

मिलानचा प्रक्षेप फसविणारा आहे. उरैयूरचा शिल्पी कोणास फसवीत नाहीं. त्याच्या खांबास चोळकालीन म्हटल्यानें पूर्वजांचें वैभव वाढत नाहीं. मात्र देवळाच्या खांबावर आपल्या काळचें वाहन कोरणाऱ्या एका अनामिक कारागिराची साक्ष लोपते. यासाठीं संशोधकानें प्रथम जीर्णोद्धाराचा काळ पाहावा, मग वस्तूचे अवयव तपासावे, आणि त्यानंतरच पूर्वजांचें नांव घ्यावें.