जुन्या ट्रोम्बोनमधील मूळ रचनेची ओळख : एक विवेचन

प्रस्तावना :
पाश्चात्त्य वाद्यवृंदातील पितळी सुषिर वाद्यांमध्ये ट्रोम्बोनचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. नळी पुढे-मागे सरकवून स्वर बदलण्याचे त्याचे तत्त्व गेली पाच शतके जवळजवळ अबाधित राहिले आहे. मात्र तत्त्व स्थिर असले, तरी धातू, जोडकाम, नळीचा व्यास आणि स्वरमान यांत सतत बदल होत गेले. त्यामुळे एखादे जुने वाद्य समोर आले की, ते आज जसे दिसते तसेच कारखान्यातून बाहेर पडले होते काय, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या प्रमुख कसोट्यांचे विवेचन केले आहे.

दोन स्वतंत्र भागांचे वाद्य :
ट्रोम्बोन दोन सुट्या भागांचे असते. एक सरकती नळी, म्हणजे स्लाइड. दुसरा कर्ण्यासारखा पसरत जाणारा भाग, म्हणजे बेल. पेटीत ठेवताना हे भाग नेहमीच वेगळे केले जातात. स्लाइडला पोचा पडला की वादक दुसऱ्या वाद्याची स्लाइड जोडून काम भागवतो. त्यामुळे एका भागावरील अनुक्रमांकावरून संपूर्ण वाद्याचे वय ठरविणे धोक्याचे असते. काही निर्माते दोन्ही भागांवर क्रमांक कोरत. तेथे ते जुळतात की नाही, हे प्रथम पाहावे. जेथे क्रमांक एकाच भागावर आहे, तेथे दुसऱ्या भागाची स्वतंत्र परीक्षा आवश्यक ठरते.

कोरीव अक्षरांची साक्ष :
बेलवर निर्मात्याचे नाव व गाव कोरण्याची प्रथा कालनिश्चितीस उपयुक्त ठरते. व्हिन्सेंट बाख यांचा कारखाना १९५३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्समधून माउंट व्हर्नन येथे गेला. १९६१ मध्ये तो सेल्मर कंपनीकडे आला आणि त्या दशकाच्या मध्यास उत्पादन इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथे हलविण्यात आले. एच. एन. व्हाइट कंपनीची 'किंग' वाद्ये प्रथम क्लीव्हलँड येथे बनत. १९६५ मध्ये कंपनी विकली गेल्यानंतर ईस्टलेक हे नाव येते. कॉन कंपनीचे एल्कहार्ट येथील पर्व १९६९ मधील विक्रीनंतर थोड्याच वर्षांत संपले. गावाचे नाव असे कालखंड सुचविते. मात्र कारखान्याच्या स्थलांतरानंतर शिल्लक सुटे भाग नव्या जागी वापरले जाणे कारखानदारीत स्वाभाविक असते. म्हणून अक्षरे आणि घडण यांतील प्रत्येक विसंगती म्हणजे फसवणूक, असे मानता येत नाही.

धातू आणि घडण :
अक्षरे पुसता येतात, घडण सहसा लपत नाही. एकाच पत्र्यातून घडविलेल्या बेलवर लांबीच्या दिशेने जोडाची रेषा दिसते. दोन तुकड्यांच्या बेलवर कर्ण्याभोवती आणखी एक गोल जोड आढळतो. कॉन कंपनीच्या '८८ एच' या प्रसिद्ध वाद्याची बेल तांब्याचे प्रमाण अधिक असलेल्या तांबूस पितळेची, तर किंगच्या 'सिल्व्हर सॉनिक' वाद्यांची चांदीची असते. बादलीच्या काठाप्रमाणे बेलची कड वळविलेली असते. तीत तार आहे काय आणि ती डाखाने पक्की केली आहे काय, हेही पाहावे. आडव्या आधारदांड्यांच्या टोकांशी डाखाचे ओघळ किंवा पूर्वीच्या आधाराची खूण दिसल्यास दुरुस्तीची शक्यता वाढते.

स्वरमानाचा इतिहास :
स्वर जुळविण्याच्या नळीची लांबी विशेष लक्षपूर्वक पाहावी लागते. ब्रिटिश लष्करी बँडचे जुने उच्च स्वरमान सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचे होते. आजचे प्रचलित मान ४४० आहे. हा फरक साधारण पाव स्वराचा. टेनर ट्रोम्बोनच्या सुमारे २७० सें. मी. लांबीत तो भरून काढण्यास साडेसात सें. मी. अधिक नळी लागते. म्हणूनच अनेक जुन्या वाद्यांना नंतर नळीचा तुकडा जोडलेला दिसतो. ब्रिटनमधील ब्रास बँडांनी तर उच्च मान १९६० च्या दशकापर्यंत टिकविले. लष्करी छावण्यांच्या बँडपथकांबरोबर ब्रिटिश बनावटीची वाद्ये भारतातही आली. असे एखादे वाद्य आजच्या हार्मोनियमशी जुळत नसेल, तर ते सदोष आहे असे समजण्यापूर्वी त्याचे मूळ स्वरमान तपासणे योग्य ठरते. जोडलेला तुकडा हा मूळ रचनेचा भाग नसला, तरी वाद्याच्या इतिहासाचा तो पुरावाच होय.

पृष्ठभाग आणि जतन :
सर्वाधिक हानी सद्हेतूनेच होते. जुने वाद्य चकचकीत करण्यासाठी यंत्रावर घासले की पत्रा पातळ होतो, अक्षरांच्या धारा बोथट होतात आणि नव्या लॅकरखाली जुने ओरखडे कायमचे झाकले जातात. याच खुणांवरून पुनर्लेपन झालेले वाद्य ओळखता येते. परंतु तोपर्यंत मूळ पुरावा नष्ट झालेला असतो. पातळ झालेला पत्रा पूर्ववत करता येत नाही. म्हणून साफसफाईपूर्वी छायाचित्रे घेणे, व्हर्निअर कॅलिपरने नळ्यांचे व्यास मोजणे आणि सर्व क्रमांक नोंदविणे हा क्रम पाळला जावा.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, कोणतीही एक खूण निर्णायक नसते. अनुक्रमांक, अक्षरे, धातू, जोडकाम, स्वरमान आणि पृष्ठभाग यांची साक्ष परस्परांशी ताडून पाहिल्यावरच निष्कर्षास आधार मिळतो. वादकाच्या दृष्टीने बदललेले वाद्य अनेकदा अधिक सोयीचे असते आणि त्यात गैर काही नाही. मात्र बदललेले वाद्य मूळ म्हणून विकले गेल्यास ग्राहकाची, आणि मूळ म्हणून नोंदविले गेल्यास इतिहासाची फसगत होते. महाविद्यालये, चर्च व बँडपथके यांच्याकडील जुन्या वाद्यांची दुरुस्ती करण्यापूर्वी अशी नोंद झाली, तर ही फसगत टाळता येईल.