तिसरा सेल

एचपीचं सुपरडोम २००० साली बाजारात आलं. एका कपाटात आठ सेल, दोन कपाटं जोडली की सोळा. सेल म्हणजे जाडजूड बोर्ड: चार प्रोसेसर आणि मेमरीच्या पट्ट्यांच्या रांगा. हे सेल हवे तसे गटांत बांधायचे आणि प्रत्येक गटावर स्वतंत्र एचपी-यूएक्स चालवायचं. अशा गटाला एन-पार्टिशन म्हणतात. मधली भिंत हार्डवेअरचीच, त्यामुळे एका गटातला प्रोसेसर गेला तरी शेजारचा गट चालत राहतो. बँकांना हेच हवं होतं.

मी चंद्रपूरचा. नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ज्या यंत्रावर काम केलं, त्यावर एका बँकेचं कोअर बँकिंग चालायचं आणि गडचिरोलीतल्या शाखाही त्यालाच जोडलेल्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. वाट उघडल्यावर निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या बाईला ‘सिस्टिम डाऊन’ ऐकावं लागू नये, एवढं तरी आमच्या हातात होतं.

मार्चअखेरच्या आधी डेटाबेसला मेमरी कमी पडते. मग टेस्ट पार्टिशनमधला एखादा सेल, समजा तिसरा, काढून डेटाबेसच्या पार्टिशनला द्यायचा. आधी ‘पारस्टेटस’ कमांडची यादी छापून घ्यायची: कपाट, सेल, मेमरी, पार्टिशन क्रमांक. एकानं पडद्यावरून वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर खूण करायची. यंत्राला फक्त आकडे कळतात. कोणत्या आकड्यामागे लोकांचे पैसे आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. ‘पारमॉडिफाय’मध्ये चुकीचा सेल काढायला सांगितला, तरी तो चालू असेल तर बदल रिबूटपर्यंत लागू होत नाही, रद्द करता येतो. मॅनेजमेंट प्रोसेसरवरच्या ‘आरएस’ला मात्र माफी नाही. पार्टिशनचा आकडा चुकला आणि ‘होय’ म्हटलं, की चालू सिस्टिम जागच्या जागी रीसेट.

‘पारमॉडिफाय’ला सेल काढायला सांगून झालं की टेस्ट पार्टिशन ‘शटडाउन’ला कॅपिटल आर देऊन खाली घ्यायचं. साध्या, स्मॉल आरनं नुसतं रिबूट होतं, सेल सुटत नाही. सेल मोकळा झाला की तो डेटाबेसच्या पार्टिशनला जोडायचा आणि तिथेही कॅपिटल आर.

यानंतरची दहा मिनिटं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. प्रत्येक सेल आपली मेमरी तपासतो आणि मग बाकीच्यांना येऊन मिळतो. सगळे आले तर लगेच, नाहीतर दहा मिनिटं वाट पाहून पार्टिशन हजर असलेल्यांना घेऊन पुढे निघतं. न आलेला सेल बाहेरच राहतो. लॉगिन होतं, डेटाबेस उठतो, सगळे हुश्श करतात. आणि ज्यासाठी रात्र जागवली तो सेल आत आलेलाच नसतो! म्हणून पुन्हा ‘पारस्टेटस’ पाहायचं आणि तिसऱ्या सेलपुढे ‘ॲक्टिव्ह’ दिसल्याशिवाय कोणालाही ‘झालं’ म्हणून कळवायचं नाही.

दिसलं नाही तर घड्याळ पाहायचं. डाउनटाइम पुरेसा उरला असेल तर आणखी एकदा कॅपिटल आर. उरला नसेल तर आहे त्या सेलांवर शाखा उघडू द्यायच्या आणि तिसऱ्याचं पुढच्या रविवारी बघायचं. मार्चअखेरची कामं रेंगाळतील, ओरडा होईल. पण एटापल्लीच्या काउंटरवर पैसे निघतील.