पोरीचे अवघड गणित आणि आपले रान



कुपवाडच्या आसपासच्या गावांतून रोज सकाळी कितीतरी मुले-मुली विश्रामबागेकडे शिकायला निघतात. तिथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली काढलेले विलिंग्डन कॉलेज आहे. १९४७ साली सुरू झालेले वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजही तिथेच आहे. यांतल्या अनेकांच्या घरी ऊस, हळद नाही तर द्राक्षबाग असते. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या किंवा इंजिनिअरिंगला गेलेल्या या मुलांना पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक विषय भेटतो. कॉलेजात त्याला ‘मल्टिव्हेरिएबल कॅलक्युलस’ म्हणतात. मराठीत म्हणायचे तर ‘अनेक चलांचे कलन’. ‘चल’ म्हणजे बदलणारी रास आणि ‘कलन’ म्हणजे त्या बदलाचा हिशेब.

हळदीवरच्या एका बैठकीनंतर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले आणि म्हणाला, “सायेब, आमची पोरगी बारावीपतूर गणितात पुढं हुती. आता दुसऱ्या वर्साला रडती. म्हणती, आबा, हे मला जमंना, कॉलेज सोडते. मला तर त्यातलं अक्षर कळत न्हाई. ह्या गणिताचा उपेग तरी काय हाय?”

या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. या गणिताचा उपयोग काय, आणि जमत नाही म्हणणाऱ्या मुलीला ते सोडू द्यावे का? आधी पहिला प्रश्न घेऊ. त्यासाठी कॉलेजात न जाता आपण आपल्या रानात जाऊ.

पोते तेच, पाणी वेगळे

बारावीपर्यंतच्या गणितात सहसा एकच गोष्ट बदलते. पण शेतात कधी एकच गोष्ट बदलते का? उत्पन्न खतावर असते, तसे ते पाण्यावर, बियाण्यावर, जमिनीवर आणि पेरणीच्या दिवसावरही असते. समजा, पाच पाळ्या मिळालेल्या गव्हाला युरियाचे एक पोते जास्त दिले आणि एकरी दोन क्विंटल गहू वाढला. शेजारच्या पट्टीला पाळ्या दोनच मिळाल्या. तिथे तेच पोते अर्धाच क्विंटल वाढवते. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण अनुभव तुमचाच आहे.

या विषयाचा पहिला धडा इथूनच सुरू होतो. बाकी सगळे आहे तिथे धरून ठेवायचे, एकच गोष्ट थोडीशी हलवायची आणि उत्पन्न किती हलते ते पाहायचे. याला ‘आंशिक अवकलज’ म्हणतात, कॉलेजात ‘पार्शल डेरिव्हेटिव्ह’. पोत्यामागून पोते टाकत गेले की वाढ कमी कमी होते. जिथे ती शून्यावर येते तिथे उत्पन्न सर्वांत जास्त असते. पण नफा सर्वांत जास्त त्याच्या आधीच असतो. शेवटच्या पोत्याची किंमत आणि त्याने वाढवलेल्या मालाची किंमत सारखी झाली, की तिथे हात आखडावा. शेजाऱ्याने टाकले म्हणून आणखी एक पोते टाकणारा शेतकरी हाच हिशेब चुकतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने माती परीक्षण आणि अपेक्षित उत्पादन यांवरून खताची मात्रा काढण्याची समीकरणे दिली आहेत. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा असा एकत्र हिशेब मांडायचा, तर अनेक चलांचा विचार करावाच लागतो.

समतल बांध आणि पाण्याची वाट

दुसरा धडा उताराचा. माळावर समतल बांध घालताना आपण सारख्या उंचीच्या जागा जोडत जातो. त्या रेषेवरून चालले तर चढ लागत नाही आणि उतारही लागत नाही. मग पाणी कोणीकडे धावते? त्या रेषेला काटकोनात, जिथे उतार सर्वांत तीव्र असतो तिकडे. म्हणून तर आपण उताराला आडवी मशागत करा असे सांगत असतो. नकाशात या रेषा दाट आल्या की तिथे उतार मोठा आहे, आणि तिथेच घळी पडायची भीती जास्त.

सर्वांत तीव्र चढाची दिशा आणि तिथल्या चढाचे माप दाखवणाऱ्या बाणाला कॉलेजात ‘ग्रेडियंट’ म्हणतात. तो समतल रेषेला नेहमी काटकोनात असतो, हे तिथे सिद्ध करून दाखवतात. पाणी या बाणाच्या उलट्या दिशेने जाते. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची एवढी चर्चा चालते, ती यंत्रेही शिकताना अशाच उताराने खाली खाली जात आपली चूक कमी करतात. म्हणजे माळावरचे पाणी आणि संगणक यांचे गणित एकच.

शेततळ्यातले पाणी

तिसरा धडा बेरजेचा. शेततळे चौकोनी आणि सपाट तळाचे असेल तर लांबी, रुंदी आणि खोली यांच्या गुणाकाराने काम भागते. पण जुन्या खाणीत पाणी साठवले आहे, तळ खालीवर आहे, काठ वाकडे आहेत, तर किती पाणी मावेल? वरून लहान लहान चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनाचे क्षेत्र तिथल्या खोलीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. चौकोन जितके बारीक, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ. ही बेरीज शेवटपर्यंत बारीक नेली की ‘दुहेरी समाकलन’ होते.

उसात न शिरता क्षेत्र

चौथा धडा मला सर्वांत गोड वाटतो. रानात पुरुषभर उंचीचा ऊस उभा आहे, आत टेप ओढणे शक्य नाही. अशा वेळी फक्त बांधावरून फेरी मारून आतले क्षेत्र काढता येते का? येते.

समजा, हद्दीचे चार दगड आहेत. पहिला अ. तिथून ब हा ६० मीटर पूर्वेला. क हा अ पासून ७० मीटर पूर्वेला आणि ४० मीटर उत्तरेला. ड हा अ पासून १० मीटर पूर्वेला आणि ५० मीटर उत्तरेला. आता एका दगडाकडून पुढच्याकडे जायचे. पहिल्याचे पूर्वेचे अंतर आणि पुढच्याचे उत्तरेचे अंतर यांचा गुणाकार करायचा. त्यातून पुढच्याचे पूर्वेचे अंतर आणि पहिल्याचे उत्तरेचे अंतर यांचा गुणाकार वजा करायचा. अ ते ब शून्य. ब ते क ६० × ४० म्हणजे २४००, वजा ७० × ०, राहिले २४००. क ते ड ७० × ५० म्हणजे ३५००, वजा १० × ४० म्हणजे ४००, राहिले ३१००. ड ते अ शून्य. बेरीज ५५००. तिचे निम्मे २७५० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, म्हणून हे रान २७ गुंठ्यांहून थोडे जास्त भरले. मुलांना वहीवर करायला सांगा आणि आपणही पडताळून पाहा.

मोबाईल घेऊन बांधावरून फिरले की क्षेत्र सांगणाऱ्या सोयी निघाल्या आहेत, त्यांच्या पोटात याच जातीचा हिशेब असतो. मात्र हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणीच करून घ्यावी, मोबाईलच्या आकड्यावर भांडू नये.

गिरणीवाल्याच्या पोराचा सिद्धांत

कडेच्या फेरीवरून आतला हिशेब सांगणाऱ्या या सिद्धांताला जॉर्ज ग्रीन याचे नाव आहे. हा कोणी जहागीरदाराचा मुलगा नव्हता. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी १७९३ साली एका पाववाल्याच्या घरी तो जन्मला. शाळा त्याला जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष मिळाली. पुढे वडिलांनी वाऱ्यावर चालणारी पिठाची गिरणी बांधली आणि पोरगा धान्य दळू लागला. दळता दळता त्याने स्वतःच गणिताचा अभ्यास केला आणि १८२८ साली वीज आणि चुंबकत्व यांवरचा आपला निबंध वर्गणीदारांच्या पैशाने छापला. चाळिसाव्या वर्षी, १८३३ साली, तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८३७ च्या परीक्षेत चौथा आला. १८४१ साली तो वारला. त्याच्या कामाची खरी थोरवी जगाला त्यानंतरच उमगली. त्याची गिरणी दुरुस्त करून आजही जपली आहे.

त्याच केंब्रिजच्या त्याच परीक्षेत १८९९ साली आपला एक मराठी माणूस पहिला आला. दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, म्हणजेच रँग्लर परांजपे. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. फर्ग्युसन आणि आपले विलिंग्डन ही दोन्ही कॉलेजे एकाच संस्थेची. हे गणित मोठ्या घराचे, ते आपले नव्हे, असे म्हणायला मग जागा कुठे उरते?

मग सोडू द्यावे का?

आता दुसरा प्रश्न. माझे उत्तर, घाईने सोडू देऊ नये. हा विषय अवघड आहे हे खरे. तो घेतला म्हणजे नोकरी ठरलेली, असेही मी सांगणार नाही. पण इंजिनिअरिंग, संख्याशास्त्र, हवामान, संगणक, अर्थशास्त्र, यांतल्या कोणत्याही वाटेने पुढे जायचे तर या दारातून जावे लागते. एखाद्या सत्रात विषय राहिला तर परीक्षा पुन्हा देता येते. सोडलेले कॉलेज पुन्हा धरणे मात्र फार जड जाते, आणि मुलीच्या बाबतीत तर घरात लगेच स्थळांची बोलणी सुरू होतात.

मुलांनी एवढे करावे. अकरावी-बारावीचे अवकलन आणि समाकलन कच्चे असेल तर आधी ती मागची बाकी फेडावी. बहुतेकांचा पाय तिथेच अडकतो. प्रत्येक गणिताचे चित्र काढावे, टेकडी असो की खड्डा. इंग्रजी शब्दांची वेगळी वही करून शेजारी मराठी अर्थ लिहावा. रोज दोन-तीन उदाहरणे स्वतः सोडवावीत, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करून हा विषय येत नाही. अडले तर लाज न धरता शिक्षकांना विचारावे. देशातल्या आय.आय.टी.सारख्या संस्थांनी एन.पी.टी.ई.एल. या नावाने व्याख्याने खुली केली आहेत, आणि सरकारचे ‘स्वयम’ २०१७ सालापासून चालू आहे. दोन्हींवर हे धडे मोबाईलवर फुकट ऐकता येतात.

आणि घरच्यांनी? संध्याकाळी दोन तास त्या पोरीला धार, भाकरी आणि पाणी यांतून मोकळे सोडा. भाऊ शिकत असला की त्याला कोणी उठवत नाही, तोच न्याय तिला लावा. हळद काढणीची आणि परीक्षेची गाठ पडली तर एक मजूर जास्त लावा. ती मजुरी वाया जात नाही.

तुम्हाला अक्षर येत नसले तरी एक काम तुम्हीच करू शकता. आठवड्यातून एकदा मुलीला बांधावर घेऊन जा आणि म्हणा, “बाई, या आठवड्यात काय शिकलीस ते मला या रानावर दाखव.” तिला तुम्हाला समजावता आले, तर तिला ते आले म्हणून समजा. नाही आले, तर कुठे अडले ते तिचे तिलाच कळेल. आणि उतार, पाणी, खत, हद्द यांबद्दल तिने काही चुकीचे सांगितले, तर ते ओळखणारा तुमच्याइतका जाणता परीक्षक तिला दुसरीकडे मिळायचा नाही.