हा 'पेग' वेगळा: औषधात लपलेली अ‍ॅलर्जी



समजा, तुमच्या मित्राला एका अँटिबायोटिक गोळीनं अंगभर पित्त उठलं. वर्षभरानं गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तर श्वासच अडकायला लागला. दोन्ही औषधं पूर्ण वेगळी. घरचे म्हणणार, "याला सगळीच औषधं बाधतात." पण खरा गुन्हेगार दोन्हीत असलेला एकच पदार्थ असू शकतो. त्याचं नाव पॉलिएथिलीन ग्लायकॉल, थोडक्यात पेग. हसू नका, हा तो पेग नव्हे!

गोळीवरचं गुळगुळीत आवरण, मलम, टूथपेस्ट, काही इंजेक्शनं, अशा कितीतरी ठिकाणी पेग असतो. तिथे तो औषध म्हणून नाही, तर मदतनीस म्हणून असतो. बद्धकोष्ठतेच्या काही पावडरींत आणि कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या द्रावणात मात्र तोच मुख्य औषध असतो. त्याचं दुसरं नाव मॅक्रोगोल. पुढचा आकडा, म्हणजे ४००, ३३५० वगैरे, रेणूचं सरासरी वजन सांगतो. साधारणपणे रेणू जितका मोठा, तितकी अ‍ॅलर्जी असलेल्याला रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता जास्त. म्हणून टूथपेस्ट चालते, पण इंजेक्शन बाधतं, असंही होतं.

हे नाव गाजलं डिसेंबर २०२० मध्ये. ब्रिटनमध्ये फायझरची लस सुरू झाली आणि आधीपासून अ‍ॅलर्जी असलेल्या दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना तीव्र रिअ‍ॅक्शन आली. लशीतल्या चरबीच्या सूक्ष्म कणांवर पेग असतो, त्यामुळे संशय त्याच्यावर गेला. अमेरिकेत पहिल्या सुमारे १९ लाख डोसमागे अशा २१ केसेस नोंदल्या गेल्या, म्हणजे दहा लाखांत साधारण ११. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की यातल्या बहुतेकांना पेगची अ‍ॅलर्जी नव्हतीच. अनेकांनी देखरेखीखाली दुसरा डोसही नीट घेतला. आपल्या कोविशील्डमध्ये पेग नव्हता, पण त्याचा नातेवाईक पॉलिसॉर्बेट ८० होता. कोव्हॅक्सिनमध्ये दोन्ही नव्हते.

म्हणजे पेगची अ‍ॅलर्जी खरी आहे, पण फार दुर्मिळ. त्यामुळे घाबरून लस किंवा औषध टाळू नका. फक्त एवढं करा:

औषध बाधलं तर स्ट्रिप आणि आतल्या माहितीपत्रकाचा फोटो काढून ठेवा. वेगवेगळी औषधं बाधत असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यांत पेग आहे का?" 'थोडंसं घेऊन बघू' हा प्रयोग घरी अजिबात नको, तपासणी अ‍ॅलर्जी तज्ज्ञांकडेच करा. लस घेतल्यावर सांगतील तितका वेळ तिथेच थांबा. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन; पित्ताच्या गोळीवर वेळ घालवू नका.

'सगळीच औषधं बाधतात' म्हणणारं कुणी ओळखीत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!