प्रश्न विचारणाऱ्याचं काम

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एक कोटी रुपये जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या या बाईंना तेव्हा महिन्याला दीड हजार रुपये मिळत होते, हे अमिताभ बच्चन यांच्याशी गप्पा मारताना समोर आलं आणि देश हळहळला. त्या गप्पांना गुण नव्हते. पण सूत्रसंचालकाचं खरं काम तिथेच दिसतं. समोरचा माणूस आधी मोकळा व्हायला हवा, उत्तर मग सुचतं.

मराठीत २०१३ साली ‘कोण होईल मराठी करोडपती’ सुरू झालं तेव्हा ही जबाबदारी सचिन खेडेकरांनी घेतली. नाटकात घडलेला आवाज, स्वच्छ उच्चार. २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे आले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, बोलणं घरच्यासारखं. दोघांच्या तऱ्हा वेगळ्या, आणि दोन्ही मला मनापासून आवडल्या.

शिस्त मात्र दोघांना एकच. चारही पर्याय एका सुरात वाचायचे. ‘नक्की ना?’ हे चुकीच्या उत्तराला विचारायचं तसंच बरोबर उत्तरालाही विचारायचं, नाहीतर तोच इशारा ठरतो. या खेळाच्या मूळ इंग्रजी रूपात तर उत्तर पक्कं होईपर्यंत सूत्रसंचालकाच्या पडद्यावरही ते दिसत नाही. माहीत नसलं की चेहऱ्यावरून फुटण्याची भीतीच उरत नाही.

शाळेच्या प्रश्नमंजुषेत ही सोय नसते. गुरुजींच्या हातातल्या कागदावर उत्तर लिहिलेलंच असतं. म्हणून तिथे तयारी जास्त लागते, विशेषतः प्रश्न तपासून घेण्याची. समजा विचारलं, ‘कोकणातून कोल्हापूरला जाताना कोणता घाट लागतो?’ रत्नागिरीजवळच्या पालीचं पोर क्षणाचाही विलंब न लावता ‘आंबा’ म्हणेल. मुंबई-गोवा महामार्ग सोडून कोल्हापूरचा रस्ता धरला की नाणीज, साखरपा आणि पुढे आंबा घाटच. पण वैभववाडीची मुलगी ‘करूळ’ म्हणेल, कणकवलीचा मुलगा ‘फोंडा’. तिघंही बरोबर, आणि कागदावर उत्तर एकच. अशा वेळी ‘आमच्याकडे असंच लिहिलंय’ म्हणून पुढे जाणं हा मुलांवर अन्याय आहे. तिघांनाही गुण द्यावेत, किंवा सगळ्यांसमोर प्रश्न रद्द करून दुसरा घ्यावा. आणि आदल्या रात्री कागद वाचतानाच लक्षात आलं, तर ‘कोकणातून’ खोडून ‘पालीहून’ लिहावं.